खड्ड्यात घातलेले पैसे

लोखंड किलोवर विकलं जातं, हे या सगळ्या अनर्थाचं मूळ आहे. सोनं तोळ्यावर विकतात म्हणून कोणी घरी मंगळसूत्र घडवायला बसत नाही. पण रस्त्याकडेला उभा असलेला जेसीबी पाहिला की काही माणसांच्या डोक्यात लगेच तराजू हलायला लागतो. वजन किती? साडेसात टनांच्या आसपास. लोखंडाचा भाव? धरा सत्तर रुपये. म्हणजे झाले सव्वापाच लाख. आणि नव्या मशीनची किंमत विचारावी तर तीस लाखांच्या पुढे! मग मधले पंचवीस लाख कशाचे? पिवळ्या रंगाचे?

हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की तो माणूस प्रपंचातून गेला म्हणून समजावं.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात असा माणूस दर चार गावांत एक सापडतोच. दोष त्याचा नाही, हवेचा आहे. ज्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथे गल्लीच्या एका तोंडाला लेथ आणि दुसऱ्या तोंडाला फाउंड्री आहे, तिथे ‘हे बनत नाही’ असं म्हणणं हा गावाचा अपमान समजतात. त्यात भर पडली २०२१ च्या डिसेंबरात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून चालू होणारी चारचाकी बनवली होती. खर्च साठ हजारांच्या आसपास. ती आनंद महिंद्रांच्या नजरेस पडली आणि पुढच्याच महिन्यात त्या गाडीच्या बदल्यात कारागिराच्या दारात नवी कोरी बोलेरो उभी राहिली. ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, असंही महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं. ते वाक्य आमच्या भागात कोणी ऐकलं नाही. बोलेरो मात्र सगळ्यांनी पाहिली.

आमच्या दाजींनी जरा जास्तच निरखून पाहिली.

वास्तविक दाजींना जेसीबी नको होता, चर हवा होता. नदीवरच्या मोटारीपासून वरच्या रानापर्यंत पाइपलाइन न्यायची, तीन फूट खोल चर काढायचा, बास. भाड्याचं मशीन तासाला बाराशे रुपये घेई. काम आठ-दहा तासांचं, म्हणजे दहा-बारा हजारांचा मामला. हिशेब सरळ होता, मशीनवाला सरळ नव्हता. ‘उद्या येतो’ हे त्याचं बारमाही उत्तर. आज मशीन खडीच्या कामावर आहे, आज ड्रायव्हर जत्रेला गेलाय, आज टायर बसलाय. शेवटी दाजी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले, तर कळलं, मशीन मिरवणुकीला गेलंय. नव्यानं निवडून आलेल्या कोणावर तरी बकेटमधून गुलाल आणि झेंडूची फुलं उधळायची होती. महाराष्ट्रात या यंत्राचं हेही एक अधिकृत काम आहे. माती उपसण्यापेक्षा त्यात मान जास्त आणि झीज कमी. पण ज्याचा चर अडलाय त्याला हे कोण समजावणार?

दाजी घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, “आपणच करायचं.”

“चर?” आमच्या अक्कानं आशेनं विचारलं.

“मशीन.”

त्यांच्याकडे आधारही भक्कम होता. जोसेफ सिरिल बॅमफर्ड. ज्याच्या नावाच्या आद्याक्षरांनी आपली निम्मी डोंगररांग सपाट केली, तो गृहस्थ. त्यानं १९४५ साली इंग्लंडमधल्या युटॉक्सेटर गावात, बारा बाय पंधरा फुटांच्या भाड्याच्या गॅरेजात, एका पौंडाला घेतलेल्या जुन्या वेल्डिंग सेटवर धंदा सुरू केला. युद्धानंतरच्या भंगारातून एक टिपिंग ट्रेलर बनवला आणि पंचेचाळीस पौंडांना विकला. गिऱ्हाइकाचा जुना गाडा बदल्यात घेतला, तो डागडुजी करून पुन्हा पंचेचाळीसलाच विकला. दाजींचा गोठा बारा बाय अठराचा. म्हणजे सुरुवातीलाच बॅमफर्डपेक्षा तीन फुटांची आघाडी! बॅमफर्डला ट्रेलरपासून पहिल्या बॅकहोपर्यंत, म्हणजे मागे खोदणारा हात असलेल्या यंत्रापर्यंत, पोचायला १९५३ साल उजाडलं, हा तपशील मी सांगून पाहिला. “त्याच्याकडं मोबाइल कुठं होता?” असं त्यावर उत्तर आलं.

मग मी दुसरं हत्यार काढलं. म्हटलं, ट्रॅक्टरच्या पाठीला तेलाच्या दाबावर चालणारा आणि डावी-उजवीकडे वळणारा हात बसवला तो अमेरिकेत, वाइनो होलोपाइनेन आणि रॉय हँडी या दोघांनी. मॅसॅच्युसेट्समधली माणसं. त्यांनी १९४८ मध्ये पहिला नग कनेटिकटच्या वीज कंपनीला विकला तो ७०५ डॉलरना. हे एकट्याचं काम नाही, असा माझा रोख होता. दाजींनी त्यातून एवढंच उचललं, “फक्त सातशे?”

सगळ्यात पहिली खरेदी पिवळ्या रंगाची झाली. चार लिटरचा डबा, ब्रश आणि थिनर. असं का, हे विचारू नये. घरी यंत्र करणारा प्रत्येक माणूस रंग आधी आणतो; पुढे लोखंडाचे पैसे संपले तरी रंगाचा डबा घरात आहे, एवढा धीर असतो.

आराखडा गोठ्याच्या कोब्यावर खडूनं काढला. मापं मिळवण्याची पद्धत साधी होती. मशीनवाला ड्रायव्हर चहाला गेला की दाजी वितीनं आणि हातानं मशीनचा लांब हात, म्हणजे बूम, मोजून यायचे. मोठ्या मशीनची मापं घ्यायची, सगळ्याला निम्मं करायचं आणि ते घरच्या ट्रॅक्टरच्या पाठीला बसवायचं. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं. पण हाताची लांबी निम्मी केली तरी सिलिंडरची जागा, बकेट वळायचा कोन आणि पिनांमधली अंतरं आपोआप जुळत नाहीत. पहिली बकेट तयार झाली ती अर्धीच मिटायची. माती भरून घ्यायची आणि वर येता येता सगळी पुन्हा खड्ड्यात ओतायची. खोदकाम आणि भराव एकाच फेरीत करणारं ते बहुधा जगातलं पहिलं यंत्र असावं.

लोखंड खरोखरच स्वस्तात आलं. सातशे किलो प्लेट, चॅनेल आणि चौकोनी पाइप मिळून एकोणपन्नास हजार. दाजींचा अंदाज पन्नास हजारांचा होता, त्यामुळे त्या दिवशी घरात श्रीखंड झालं. अक्का सगळा खर्च दुधाच्या डेअरीच्या वहीत मागच्या बाजूनं लिहीत होती. डावीकडे ‘लोखंड’, उजवीकडे ‘इतर’. डावा रकाना पहिल्याच पानावर संपला. उजवा पुढे सरकत सरकत दुधाच्या हिशेबाला जाऊन भिडला.

‘इतर’ म्हणजे काय, हे ज्यानं कधी बॅकहो बनवला नाही त्याला कळणार नाही. या यंत्राच्या किमतीचा वजनाशी काहीही संबंध नसतो. जितकी वस्तू हलकी तितकी महाग. सिलिंडरमधलं रबराचं सील मुठीत मावतं. पण एका सिलिंडरचं सील किट, रॉडवर पुन्हा हार्ड क्रोम आणि आतून होनिंग, एवढं करून लेथवाला जो आकडा सांगतो त्यात नवा सिलिंडर येतो. तो स्वतःच तसं म्हणतोही, पण काम करून झाल्यावर.

दाजींनी सिलिंडर भंगारातून जमवले होते. एक टिपरचा, एक ऊसतोडणी यंत्राचा, दोन कुठल्यातरी कारखान्याच्या प्रेसचे. प्रत्येकाचा बोअर वेगळा, म्हणून प्रत्येकाचा वेग वेगळा. बूम घाईत, डिपर निवांत, बकेट तिच्या लहरीप्रमाणे. पण खरा घात आट्यांनी केला. या प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाचे आटे निराळे. एकाला बीएसपी, दुसऱ्याला मेट्रिक, तिसऱ्याला जेआयसी. होज पाइपच्या टोकाला जे बसतं ते सिलिंडरला बसत नाही, सिलिंडरला बसतं ते व्हॉल्व्हला बसत नाही. मधे अडॅप्टर लावावा लागतो. अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा, तोही दुकानात नेमका नसतो. आणलेला अडॅप्टर घरी आल्यावर अर्ध्या आट्यावर अडकतो आणि मग कळतं की आपल्याला त्याचा सख्खा चुलतभाऊ हवा होता. दाजींच्या खुंटीवर आता अडॅप्टरांची एक माळ आहे. तेवढ्यात एक बऱ्यापैकी शेळी आली असती, असं अक्का म्हणते.

पंपाची गंमत आणखी वेगळी. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचा फिरता दांडा, फिरतो मिनिटाला ५४० फेरे. गिअर पंप मिनिटाला चाळीस लिटर तेल देतो खरा, पण पंधराशे फेऱ्यांवर. दाजींनी पंप थेट पीटीओला जोडला. यंत्र हललं! टाळ्या पडल्या, नारळ फुटला. मग लक्षात आलं की हलतंय ते एक तृतीयांश वेगानं. एक बकेट भरून बाजूला टाकेपर्यंत कडेला उभ्या असलेल्या माणसाची तंबाखू मळून, थापटून, दाढेखाली जायची. वेग वाढवणारा गिअरबॉक्स मधे बसवणं भाग पडलं. पंप आणि गिअरबॉक्स मिळून अक्काच्या वहीत पस्तीस हजार.

यावर दाजींनी तेलाचं गणित मांडून मला गप्प केलं. ऐंशी मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरचं तोंड पन्नास चौरस सेंटिमीटर. दाब दीडशे बार. म्हणजे जोर किती? “साडेसात टन!” ते असे म्हणाले की तो जोर जणू त्यांनी स्वतः लावला होता. गणित बरोबरच होतं. फक्त ते अर्धं होतं. यंत्र ज्या जोरानं जमिनीला ओढतं, जमीनही तेवढ्याच जोरानं यंत्राला ओढते. आणि जमिनीला वेल्डिंग नसतं.

वेल्डिंग रात्री व्हायचं. शेतीची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची, आणि दाजींना नेमका रात्रीचा आठवडा फावायचा. रात्री दोन वाजता रानात निळा उजेड लखलखताना पाहून पलीकडच्या वस्तीवरच्या लोकांनी काय काय कल्पना केल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. ओल खाल्लेल्या साध्या रॉडनं घातलेला टाका वरून ग्राइंडर मारून आणि पिवळा रंग चढवून फार देखणा दिसतो. ओल्या रॉडचं वेल्डिंग आतून चिरतं, हे मात्र रंग सांगत नाही. ते काळ्या मातीत बसलेला पहिला दगड सांगतो. पिन बसवायचे कान मुळासकट निघून आले. मग उद्यमनगरात जाऊन जाड प्लेटचे नवे कान, चांगले वाळवलेले लो-हायड्रोजन रॉड आणि पोट भरेल एवढा सल्ला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं जुन्या पिना हातात घेतल्या, वाकलेली एक डोळ्यासमोर धरली आणि विचारलं, “पडद्याचा रॉड हाय काय?” साध्या ब्राइट बारच्या पिना होत्या त्या. त्यांच्या जागी ईएन-१९ च्या, पाणी दिलेल्या, ग्रीस निपलवाल्या पिना आणि गनमेटलचे बुश आले. अठ्ठावीस हजार.

एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. होज पाइपला टाचणीएवढं भोक पडलं की त्यातून तेलाची केसासारखी धार निघते, ती डोळ्याला दिसतही नाही. ती चाचपायला बोट लावलं तर तेल कातडीतून आत घुसतं, बाहेर नुसता एक ठिपका दिसतो आणि तातडीनं हात ऑपरेशन टेबलावर न्यावा लागतो. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवावा, हात नाही. हे दाजींना मी दम देऊन सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. या सगळ्या प्रकरणात त्यांनी माझं ऐकल्याची तेवढीच नोंद आहे.

आता मुख्य प्रयोग. चराच्या जागेवर ट्रॅक्टर उभा, गाव कडेला. दाजींनी बकेट जमिनीत रोवली आणि हात आत ओढला. बकेटीनं माती ट्रॅक्टरकडे आणायची, असा बेत होता. माती जागची हलली नाही. ट्रॅक्टरच मातीकडे गेला. मग बकेट खाली दाबली, तर मागची चाकं हवेत. भरलेली बकेट लांबवर उचलली, तर पुढची चाकं हवेत. “चारी एकदम उचलत न्हाई तोवर काळजी न्हाई,” असं कडेच्या एका निवृत्त कंडक्टरनं जाहीर केलं. अशा प्रयोगांना ही तज्ज्ञ मंडळी न बोलावता येतात, आणि त्यांच्या चहाचा खर्च अक्कानं वेगळा लिहिलाय.

यंत्राला मागे दोन पाय लागतात, जमिनीवर टेकवायचे. बॅमफर्डच्या मशीनला ते शोभेसाठी नसतात. दोन पाय म्हणजे दोन सिलिंडर, व्हॉल्व्हवर आणखी दोन लिव्हर, चार होज पाइप आणि, ओळखलंत, आठ अडॅप्टर. पुढे वजन म्हणून काँक्रीटचे ठोकळे. एवढं झाल्यावर ट्रॅक्टर जागचा हलेना, तेव्हा सगळा ताण गपचूप दुसरीकडे गेला. बॅकहो नुसत्या थ्री पॉइंट लिंकेजवर टांगला तर खोदताना बसणारे धक्के ट्रॅक्टरच्या पाठीत जातात. त्यासाठी पुढच्या एक्सलपर्यंत जाणारी वेगळी चौकट घालायची असते. ती चौकट दाजींच्या खडूच्या आराखड्यात होती, पण तो कोपरा कोंबड्यांनी पुसला होता. एके दिवशी कडाड् आवाज झाला आणि मागच्या हाउसिंगला तडा गेला. कास्टिंगच्या मुलखात कास्टिंग फुटलं! नवं हाउसिंग, तेल, सील आणि मजुरी मिळून पंचेचाळीस हजार. ट्रॅक्टर ऐन नांगरणीत गॅरेजला, म्हणून नांगरट भाड्यानं. तो खर्च अक्कानं कुठल्या रकान्यात लिहिला ते मी विचारलं नाही. तिचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता.

यथावकाश चौकट आली, हात आडवा फिरवणारे सिलिंडर दुसऱ्यांदा बसले. (पहिल्या बैठकीत तो हात थांबायचाच नाही; गोठ्याचा पत्रा आणि पाण्याची टाकी त्यात कामी आली.) मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे मनाचे बदल करता येत नाहीत, ही गोष्ट गावातल्या एका हितचिंतकानं अगदी शेवटी सांगितली. तेव्हापासून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर येत नाही, बांधाबांधानंच फिरतो.

आणि सांगायला हवं, यंत्र चाललं. खरंच चाललं. आता ते तीन फूट काय, सहा फूट खोदतं. बूम, डिपर, बकेट एका लयीत हलतात. दाजी लिव्हरवर बसले की त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसतं ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. अक्काच्या वहीत बेरीज दोन लाख शहाऐंशी हजार. तेवढ्यात थोडी भर घालून तयार, कंपनीनं बनवलेलं ट्रॅक्टरला जोडायचं यंत्र आलं असतं, गॅरंटीसकट. चराचं म्हणाल, तर पीक कोणासाठी थांबत नाही. ऊस वाळायला लागला तेव्हा अक्कानं एका सकाळी भाड्याचं मशीन आणलं, दिवसभरात चर काढून घेतला, अकरा हजार रोख मोजले आणि ते ‘लोखंड’ रकान्यात लिहिले. का, तर तिथे जागा होती.

दाजींच्या यंत्राला आता गावात मागणी आहे. कोणाला शोषखड्डा काढायचाय, कोणाला झाडाचं खोड. भाडं घेता येत नाही, कारण सगळे भावकीतले. डिझेल तेवढं घालतात, तेही जाताना. परवा एक जण दारात आला, “दाजी, माझा चर कवा काढताय?” आतून उत्तर आलं, “उद्या येतो.”

तुम्हाला फक्त खड्डा हवा असेल तर बाराशे रुपये तासानं मशीन सांगा आणि ते येईपर्यंत धीर धरा. तो धीर तीन लाखांपेक्षा स्वस्त पडतो. ज्यांना खड्ड्याशी कर्तव्यच नाही, यंत्रच करायचंय, त्यांनी निदान पंप, पिना आणि पुढून मागे जाणारी चौकट आधी घ्यावी, रंग शेवटी. आणि वाचकांपैकी कोणाकडे अर्धा इंच बीएसपी ते एम-२२ असा अडॅप्टर पडून असेल तर जरूर कळवावं. दाजी दुसरं मॉडेल करायला घेताहेत.